पापी कुणाला म्हणायचं?

रत्नागिरी

प्रिय दादा,



आईच्या स्मरणार्थ ठेवलेली उपासना संपून मंडळी चहाकडे वळली तेव्हा तू मला बाजूला घेऊन जे विचारलंस, त्याचं उत्तर त्या दिवशी देता आलं नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि तुला रात्रीची गाडी गाठायची होती. तू म्हणालास, "उभी हयात बँकेत काढली, कुणाच्या एका पैशाला हात लावला नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही. मग दर रविवारी उभं राहून मी पापी आहे असं मोठ्याने का म्हणायचं? मिशनऱ्यांनी आपल्या गळ्यात बांधलेलं हे लोढणं आपण अजून किती दिवस वागवणार?" पापांगीकाराच्या वेळी तू तोंड मिटून उभा होतास, तेही मी पाहिलं. मला राग आला नाही. न पटलेलं तोंडाने म्हणण्यापेक्षा गप्प राहणं बरं, आणि तू लहानपणापासून तसाच आहेस.

हे पत्र मासिकाकडे देण्याआधी मी तुला फोन केला होता. "नाव घालू नकोस, बाकी काय लिहायचं ते लिही," असं तू म्हणालास. धाकट्या भावालाही विचारलं, त्याचीही हरकत नाही. तुझा प्रश्न मंडळीतल्या कितीतरी जणांच्या मनात असतो. ते विचारत नाहीत आणि हळूहळू देवळात यायचे थांबतात. म्हणून हे उघडपणे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. तू प्रामाणिक आहेस. कर्जाच्या अर्जामागोमाग घरी आलेली आंब्याची पेटी तू त्याच टेम्पोतून परत धाडलेली मी पाहिली आहे. टेम्पोवाला "राहू दे साहेब, पोरांना होईल" म्हणत होता आणि तू पेटीचं दुसरं टोक स्वतः उचलून ती आत चढवत होतास. ख्रिस्ती शिकवण तुझा हा प्रामाणिकपणा खोटा ठरवत नाही. पापी म्हणजे चोर, लबाड, बाहेरख्याली, हा अर्थ आपण बाजारातून उचलला. पवित्र शास्त्रात पापाची गोष्ट सुरू होते ती अशा माणसांपासून नव्हे.

संडे स्कूलच्या भिंतीवरचा तो तक्ता तुला आठवत असेल, झाड, साप, फळ. चित्रातलं फळ एवढं ठसठशीत होतं की आपल्या लेखी पाप म्हणजे ते फळ खाणं. पण उत्पत्तीचा तिसरा अध्याय आता पुन्हा सावकाश वाच. सापाने आधी फळाची गोडी वर्णन केलेली नाही. त्याने मनात शंका घातली, की देव तुमच्यापासून काहीतरी चांगलं राखून ठेवतो आहे, त्याचा भरवसा धरू नका, तुमचं बरंवाईट तुम्हीच ठरवा. विश्वास आधी तुटला आणि हात फळाकडे नंतर गेला. पुढचं तर आपल्या घराघरात चालतं. दोघं लपली. देव शोधत आला, कुठे आहेस म्हणून विचारता झाला, तेव्हा आदामाने बायकोकडे बोट दाखवलं, आणि तेही असं की ही बाई तूच दिलीस हे देवालाच ऐकवलं. बाईने सापाकडे बोट दाखवलं. मी चुकलो, एवढं त्या सगळ्या संवादात कुणीच म्हणत नाही.

त्याच्या पुढचाच अध्याय दोन भावांचा आहे. दोघंही देवापुढे अर्पण घेऊन आले होते, दोघंही धार्मिक. शास्त्रातला पहिला खून उपासनेनंतर झाला, आणि भावाने भावाचा केला. हे इतक्या सुरुवातीला लिहून ठेवलं आहे त्याला कारण आहे, असं मला वाटतं. देवळात जाणाऱ्या माणसाने ते आधी वाचावं.

तर ख्रिस्ती विचारात पाप म्हणजे मनाने देवाकडे पाठ करणं आणि त्याच्या जागी स्वतः बसणं. वाईट कृत्यं त्यातून निघतात. पण पुष्कळशी चांगली कृत्यंही त्याच जागेवर बसून करता येतात, आणि ती ओळखणं फार अवघड. मार्टिन लूथरने १५१५-१६ मध्ये रोमकरांस पत्रावर व्याख्याने दिली, त्यात त्याने माणसाचं वर्णन स्वतःकडेच वाकलेला असं केलं आहे. इतका वाकलेला, की देवाच्या देणग्याच काय, प्रत्यक्ष देवालाही तो स्वतःसाठी वापरू पाहतो. त्याच्याही हजार वर्षांहून आधी ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात सोळाव्या वर्षी केलेली पेअरची चोरी पानंच्या पानं उकरून काढली. भूक नव्हती, फळं काही खास नव्हती, घरच्या झाडाची याहून चांगली होती, चोरलेली बरीचशी डुकरांपुढे टाकली. मग चोरली कशाला? मनाई होती म्हणून. पुढे ज्याच्या नावावर मोठमोठे अपराध सांगता आले असते, त्या माणसाला ती फळं आयुष्यभर सलत राहिली, कारण तिथे पापाला दुसरं कुठलंही निमित्त नव्हतं.

आपल्या बागेतला साका तुला सांगायला नको. डागी आंबा, माशी लागलेला आंबा वेचून बाजूला काढता येतो. साक्याचा आंबा मात्र वरून केशरी, घाटदार, वासाला अस्सल हापूस. पेटीत तो वरच्या थरात मानाने बसतो. कापला की कोयीजवळ पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. फवारणीने तो जात नाही, कारण कीड बाहेरून शिरलेलीच नसते. फळ झाडावर पिकत असताना, कातळाच्या तापाने, आतल्या आत ते बिघडतं. यिर्मयाने हृदयाबद्दल जे लिहून ठेवलं, की ते सगळ्यांहून कपटी आहे आणि त्याचा ठाव कुणाला लागणार, ते मला इथल्या बागेत कळलं. तो दुर्जनांच्या हृदयाबद्दल बोलत नव्हता. सगळ्यांच्याच बोलत होता.

आता तुझं लोढण्याचं म्हणणं. स्कॉटिश मिशनरी आपल्या जिल्ह्यात बाणकोटला आणि हर्णैला उतरले ते १८२० नंतरच्या काही वर्षांत. फादर स्टीफन्सने गोव्यात ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं ते १६१६ मध्ये छापून झालं, त्यात आदामाची कथा आहे, ती धरली तरी चारशे वर्षं. पण आपण देवापुढे उभं राहण्याच्या लायकीचे नाही, ही जाणीव मराठी मनाला कुणा परदेशी माणसाने जहाजातून आणून दिलेली नाही. तुकोबांची गाथा उघड. स्वतःचे दोष इतक्या निर्दयपणे आणि इतक्या प्रेमाने देवापुढे मांडणारा दुसरा कवी मला माहीत नाही. समर्थांची करुणाष्टकं आपल्या शेजारच्या घरातून रोज तिन्हीसांजेला ऐकू यायची आणि आई हातातलं काम थांबवून ऐकायची. ना. वा. टिळक म्हणत, की आपण ख्रिस्ताच्या पायांशी तुकोबांच्या पुलावरून आलो. संत आणि शुभवर्तमान एकच सांगतात असं मी म्हणत नाही. कर्माचा हिशेब आणि क्रूसावरची क्षमा यांत अंतर आहे आणि ते मिटवू नये. पण 'मी पतित आहे' हे म्हणायला लाज वाटणं हा काही मराठी मातीचा गुण नव्हे. ती लाज तुझी आणि माझी आहे, शिकल्यासवरलेल्या, पगारदार माणसांची.

टिळकांचं नाव आलंच आहे तर त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण ते आपल्याच जिल्ह्यातले. जन्म १८६१ चा, करजगावचा. आपल्या उपासना संगीतात त्यांची गीतं आहेत, म्हणून आपल्याला ते नेहमी विरघळलेले, शरण गेलेले असेच दिसतात. त्याआधीचे टिळक वेगळे होते. बुद्धी तेज, कविता हातातली, स्वभाव तापट, आणि मनात बेत असा की आपणच एक नवा धर्म स्थापावा. १८९३ च्या सुमाराला राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन माणसाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्याने त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांनी वाचायला घेतलं. डोंगरावरचं प्रवचन त्यांना सोडवेना. मन तिथेच जिंकलं गेलं म्हण ना. तरी मुंबईत बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ ला.

या मधल्या काळाकडे बघ. पत्नी लक्ष्मीबाईंचं काय होईल, मुलगा दत्तू लहान, नातलग काय म्हणतील, ही कारणं खरी होती, त्यांतलं एकही खोटं नव्हतं. पण ज्याला स्वतः धर्म स्थापायचा आहे त्याला दुसऱ्याच्या पायाशी बसायला सांगितलं, की आत काय उलथापालथ होते, ते तुझ्यामाझ्यासारख्यांनीही ओळखावं. असा माणूस देव नाही असं म्हणत नसतो. देव आहे, तो चांगला आहे, त्याची शिकवण थोर आहे, हे सगळं त्याला मान्य असतं. फक्त शेवटचा शब्द आपला असावा, एवढीच त्याची अट असते. मनाचा देवाला होणारा विरोध मला सगळ्यांत जास्त या रूपात दिसला आहे. नास्तिक माणूस निदान उघडपणे भांडतो. मान डोलावणारा माणूस वर्षानुवर्षं दारात उभा राहून 'विचार चालू आहे' म्हणतो. ऑगस्टीनही तसाच दारात अडला होता. पटलं सगळं होतं, पण शुद्ध आयुष्य आज नको, आणखी काही दिवसांनी, अशी त्याची देवाकडे मागणी होती. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत तो रडला तोवर ती चालू होती.

लक्ष्मीबाईंची गोष्ट तर मला टिळकांच्या गोष्टीपेक्षाही जवळची वाटते. त्यांचं स्मृतिचित्रे हे आत्मकथन तू कॉलेजात असताना वाचलं होतंस, आता पुन्हा वाच, आणि पहिल्या पानांपाशी थांब. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना, आईच्या वडलांना, फाशी झाली. त्या आघातानंतर वडलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केलं. बाहेरून येणारी वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. पाण्याचा, धुण्याचा तो धोशा त्या घरातल्या बायकापोरांनी वर्षानुवर्षं सोसला. लक्ष्मीबाईंनी ते हसऱ्या लेखणीने लिहिलं आहे, पण मला ते वाचताना दरवेळी त्या माणसाची कणव येते. जगात काहीतरी भयंकर अमंगळ आहे हे त्याला कळलं होतं. ते आपल्या उंबऱ्याबाहेर आहे आणि पाण्याने अडवता येईल, असा त्याने समज करून घेतला. मार्काच्या सातव्या अध्यायात येशूपुढे हात धुण्याचाच वाद येतो. बाहेरून आत जाणारं माणसाला विटाळत नाही, आतून जे बाहेर येतं तेच विटाळतं, असं तो सांगतो आणि आतून काय काय येतं त्याची यादीही देतो. त्या यादीत खून आणि चोरीच्या शेजारी गर्व आहे.

नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. मग आल्या, पण आपली चूल आणि आपलं पाणी वेगळं ठेवून. त्यांना कुणी वादात हरवलं नाही. एके दिवशी एकटीने विचार करताना त्यांच्या मनाने घेतलं, की देवाने माणसं केली, जाती माणसांनी केल्या. तिथे सोवळं सुटलं. ख्रिस्तावरचा विश्वास त्याच्या मागाहून, आपल्या पावलांनी आला, आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांनी त्यांच्यावर कधी जबरदस्ती केली नाही, घाईही केली नाही. एरवी रागाने भांडी फोडणारा माणूस या बाबतीत थांबला, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. देव माणसाच्या विरोधाशी कसं वागतो, ते मला त्या थांबण्यात थोडंसं समजतं.

आणि पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृत, ग्रीक, हिब्रू जाणणारी बाई, पुराव्याशिवाय काही मान्य न करणारी, बिशपांशीही बिनदिक्कत वाद घालणारी. तरी पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता. तो मिळाला सुमारे आठ वर्षांनी, शारदा सदन उभं राहिल्यावर. म्हणजे विधवांसाठी जिवाचं रान करत असताना, चांगुलपणाच्या ऐन भरात असताना, त्यांना आपली गरज दिसली. तोवर आपण धर्म स्वीकारला होता, स्वतःला दिलं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. दादा, तुझा प्रश्न ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा रमाबाई आठवल्या. त्यांचं जीवन बघून 'हिने कुणाचं काय वाईट केलं?' असं कुणीही म्हणालं असतं.

इथे मला एक गोष्ट फार काळजीपूर्वक लिहायची आहे. १९०५ च्या पावसाळ्यात केडगावला रमाबाईंच्या मुक्ती सदनात मोठी आध्यात्मिक जागृती झाली. शेकडो मुली आणि बाया आपल्या पापांसाठी रडल्या, एकमेकींपुढे कबुली दिली. त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून उचलून आणलेल्या, नवऱ्यामागे टाकून दिलेल्या, माणसांनी छळलेल्या होत्या. त्यांच्यावर जे झालं ते त्यांचं पाप नव्हतं. हे ठासून सांगितलंच पाहिजे, कारण आपल्याच व्यासपीठांवरून पुष्कळदा उलटं सांगितलं गेलं. मार खाणाऱ्या बाईला, तुझ्यात नम्रता कमी पडली असेल, असं सांगणारे उपदेश मी या कानांनी ऐकले आहेत. गरिबाला त्याचं दारिद्र्य पापाचं फळ म्हणून सांगितलेलं ऐकलं आहे. ज्याचं मन आधीच ठेचलेलं आहे त्याच्यावर पाप हा शब्द दगडासारखा फेकणं, हेच देवाविरुद्धचं पाप आहे. येशू जकातदारांच्या आणि वेश्यांच्या पंगतीला बसला. कडक शब्द त्याने वापरले ते स्वतःला नीतिमान समजणाऱ्यांसाठी. तुझ्या बोलण्यात मिशनऱ्यांबद्दल, पाळकांबद्दल जो राग आहे त्यातला हा भाग रास्त आहे, आणि मी तुझ्याबरोबर आहे. आपल्या मंडळ्यांनी जातही पुरती सोडली नाही. कोण कुठून आलेला, कुणाच्या घरात मुलगी द्यायची, हे प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्यातून पिणाऱ्यांनी मनात मोजत राहावं, याला दुसरं काय म्हणणार? टिळकांनाही मिशनच्या चौकटीत गुदमरायला झालं. १९१७ मध्ये पगार सोडून ते बाहेर पडले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सगळ्यांसाठी त्यांनी देवाचा दरबार मांडला.

पण हे सगळं खरं असूनही तुझा प्रश्न शिल्लक राहतो, कारण तू ठेचलेला नाहीस. तू ताठ आहेस. हा शब्द मी प्रेमानेच लिहिते आहे.

आपला धाकटा चुकला. बाबा अंथरुणाला खिळलेले असताना त्याने कुणाला न विचारता बागेचा खालचा तुकडा विकला, पैसे धंद्यात घातले आणि बुडवले. कागदाने, न्यायाने, रीतीने तुझीच बाजू खरी. मीही तेव्हा तुझ्याच बाजूने बोलले होते आणि आजही त्या व्यवहाराला चुकीचाच म्हणेन. त्यानंतर तो तुझ्या दारात आला, हात जोडले, हप्त्याहप्त्याने फेडतो म्हणाला. तू दार लावून घेतलंस असं नाही, चहा दिलास. पण माफ केलं असं म्हणाला नाहीस. तेव्हापासून त्याचा विषय निघाला की तू मला 'तुझा भाऊ' म्हणतोस. आईच्या उपासनेच्या दिवशीही विचारलंस, "तुझा भाऊ येणार आहे ना?"

लूकच्या पंधराव्या अध्यायातला थोरला असाच बोलतो. उधळ्या परत आला, आत वाजंत्री चालू आहेत आणि हा शेतातून येऊन अंगणात अडतो. बापाला ऐकवतो, की मी एवढी वर्षं राबलो, तुझी एकही आज्ञा मोडली नाही. आणि भावाला भाऊ म्हणत नाही, तुझा हा मुलगा म्हणतो. त्या दाखल्यात खोटं तो कुठेच बोलत नाही. राबला होता, आज्ञा मोडली नव्हती. घरापासून दूर तोही होताच, फक्त त्याचं दूर जाणं शेतात कष्ट करता करता झालं, म्हणून कुणाला दिसलं नाही, त्याला स्वतःलाही नाही. धाकट्याला डुकरांच्या गोठ्यात आपली अवस्था कळली. थोरल्याला कळायला असा गोठा नव्हता. बाप मात्र दोघांसाठीही घराबाहेर आला. हे आपण नेहमी विसरतो. धाकट्यासाठी रस्त्यावर धावला, थोरल्यासाठी अंगणात येऊन विनवण्या केल्या. थोरला आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलंच नाही.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर तेच आहे. 'मी पापी आहे' हे आपण देवाला खूश करायला म्हणत नाही. धाकट्याच्या रांगेत उभं राहायला म्हणतो. त्या रांगेत बँकेचा मॅनेजर, दारू सोडता न येणारा, भावाची जमीन विकणारा आणि त्याला माफ न करणारा, सगळे एकाच वाक्याने बोलतात, आणि कुणाचंही वाक्य दुसऱ्यापेक्षा लहान नसतं. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे झेपत नाही, कारण त्याची जमेची बाजू तिथे कुणी विचारत नाही. दाविदाने उरियाची बायको नेली, उरियाला लढाईत पुढे घालून मारवलं, आणि मग नाथान संदेष्ट्याने सांगितलेल्या श्रीमंत माणसाच्या गोष्टीवर तो केवढा संतापला! दुसऱ्याच्या पापावर रागावणं किती सोपं असतं. तो माणूस तूच आहेस असं नाथानाने म्हटल्यावर दाविदाने सबब सांगितली नाही, नाथानाचा शिरच्छेदही केला नाही. राजा असून त्याने मान खाली घातली. त्याच्या अपराधांच्या यादीपुढे शौल राजाची यादी काही जास्त काळी नव्हती. तरी शास्त्र दाविदाला जवळचा मानतं, ते या मान खाली घालण्यामुळे, असं माझं मत आहे.

ही मान आपल्याच जोरावर खाली जाते असंही नाही. वाकलेलं मन स्वतःला सरळ करू शकत नाही, हे पौलाने रोमकरांस लिहिताना कळवळून सांगितलं आहे. जे चांगलं करायचं ते होत नाही आणि जे नको तेच हातून होतं, ही त्याची तक्रार ज्याने एकदा तरी मनापासून क्षमा करायचा प्रयत्न केला असेल त्याला कळते. यहेज्केलाच्या पुस्तकात देव म्हणतो, की दगडाचं हृदय मी काढीन आणि मांसाचं देईन. शस्त्रक्रिया त्याची आहे. आपण पडून राहायचं आणि विरोध करायचा नाही, एवढंच आपल्या वाट्याला, आणि तेच तर होत नाही. आई शेवटच्या आजारात बोलायची थांबली होती तेव्हा पाळकसाहेब आले, पापांगीकार म्हणायला लागले. तिचे ओठ हलले. त्या बाईने कुणाचं काय वाकडं केलं होतं, असं त्या क्षणी माझ्याही मनात आलं. पण तिच्या चेहऱ्यावर अपमानाचा लवलेश नव्हता. माहेरी ओळखीच्या दारात उभं राहिल्यासारखी ती निवांत होती.

तू देवळात परत ये, असं मी या पत्रात म्हणणार नाही. पापांगीकार तोंडाने म्हण असंही नाही. तुझ्या मनात जे आहे ते देवाला जसंच्या तसं ऐकव, रागासकट. त्याला ते चालतं, स्तोत्रसंहिता रागावलेल्या माणसांनी भरलेली आहे. फक्त ज्या खोलीत तू अजून कुणाला येऊ देत नाहीस, त्या खोलीबद्दलच बोल. बँकेबद्दल नको. बँकेचा तुझा हिशेब चोख आहे.

आणखी एक. धाकट्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन मुंबईला ठरलं आहे. उतरायची सोय त्याने एका मित्राकडे केली आहे, तुझ्याकडे उतरायला तो धजत नाही. त्याने मला तुला काही सांग असं म्हटलेलं नाही, मीच लिहिते आहे. पुढच्या गुरुवारी रात्री तो कोकणकन्येत बसेल आणि शुक्रवारी पहाटे ठाण्याला उतरेल. न्यायला कुणी येईल अशी त्याची अपेक्षा नाही. त्याला आता अंधारात नीट दिसत नाही, जिना उतरताना हात धरावा लागतो.

वहिनीला सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी बहीण